चौऱ्याण्णव

‘टूं’ असा एकच बारीक आवाज पडवीतून आला आणि घरातली शांतता मोडली. नागलीच्या पिठाचे हात तसेच घेऊन चंदना चुलीपुढून उठली.

“आई, लाइट आली! मी बटण दाबला!” पाच वर्षांची हर्षदा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती.

“बरं केलंस. आता कशाला हात लावू नको.”

अकरा वाजले होते. त्या आठवड्यात खोडाळ्याला लाइट अकराला यायची आणि तीनला जायची. नवरा मंगेश ट्रेनिंगसाठी जव्हारला गेला होता, संध्याकाळच्या गाडीनं येणार होता. सासूबाई बाजारात. घर रिकामं, मशीन रिकामं, असा दिवस लग्नाच्या सहा वर्षांत चंदनाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. तो आला तो नेमका शेवटच्या तारखेला. एका आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवायला बाई हवी होती. अर्ज ऑनलाइन, संध्याकाळी पाचच्या आत.

घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर मंगेश ओरडला नसता. तो ओरडणाऱ्यांतला नव्हताच. “बघू,” म्हणाला असता. आणि त्याच्या ‘बघू’मध्ये टाकलेली गोष्ट पुन्हा वर येत नसे.

दाखले, झेरॉक्स, फॉर्म भरून देणं, असं मंगेशचं हे पडवीतलं केंद्र. त्याआधी तो खोडाळा ते कसारा जीप चालवायचा. त्यामुळे मशीनही तो जीपसारखंच वागवायचा. ते सुरू व्हायला पाऊण तास लागे. “तापतंय अजून,” तो गिऱ्हाइकांना सांगे. “थंड इंजिन हाय, एकदम नाही पकडत.” फारच वेळ लागला तर खटकन बटण बंद आणि पुन्हा चालू. कुणी काही विचारू नये, अशा ऐटीत.

लग्नाआधी चंदना जव्हारला जमालभाईंच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवत होती. पण सकाळी मशीन ‘तापत’ असायचं तेव्हा ती भाकरी थापत असायची. ते सुरू होताना पडद्यावर काय येतं, हे तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, इंग्रजीत. वाचता वाचता तिचे पिठाचे हात ओठांवर गेले.

टच मोबाइल घरात एकच, तो मंगेशच्या खिशात. तिनं आपला बटणांचा फोन काढला आणि जमालभाईंना लावला.

“कोण, चंदना? अगं बेटा, आहेस कुठं? तुझी अकिलाचाची रोज विचारते, आपली पोरगी डोंगरात हरवली काय म्हणून!”

“इथंच आहे, भाई. मशीन लवकर सुरू होत नाही.”

“तू मला विचारतेस? चाळीस पोरींना तू शिकवलंस. वाच, काय लिहिलंय?”

“डिस्क तपासतंय. तीन टक्के झालेत.”

“मागच्या वेळी मशीन बंद कसं केलं होतं?”

चंदनानं पिठाचा हात पदराला पुसला. मग म्हणाली, “लाइट गेली की बंदच पडतं. यूपीएसची बॅटरी गेलीय. आणि हे मधेच बटण बंद करतात. रोज.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं असतील.”

जमालभाईंनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. “म्हणजे दोन वर्षं ती बिचारी रोज उठते, रोज पहिल्यापासून मोजायला बसते, आणि कुणी तिला शेवटापर्यंत जाऊच देत नाही. मशीन आजारी नाही गं. तिला एकदा पूर्ण मोजू दे. तीन तास लागतील. मग बघ कशी पळते.”

“आणि कीबोर्डवरचं बटण दाबून हे टाळलं तर?”

“तर पाऊण तास, तास, रडत रडत उघडेल. नाहीतर एक दिवस उघडणारच नाही. तुझं काही आहे का त्यात?”

“माझी सर्टिफिकेटं.”

“आणि कागद?”

“कागद पोशेऱ्याला होते, आईच्या पेटीत. मागच्या पावसात छप्पर बसलं, सगळ्याचा लगदा झाला.”

“दुसरीकडं कॉपी ठेवली नाहीस?” मग स्वतःच हसले. “सगळ्या वर्गाला घसा फोडून सांगायचीस, कॉपी ठेवा, कॉपी ठेवा.”

चंदनाही हसली. किती दिवसांनी कुणीतरी तिला ‘शिकवायचीस’ म्हटलं होतं.

तिनं हिशेब मांडला. टाळलं आणि मशीन आजच उघडलं नाही तर सर्टिफिकेटंच जातील, त्यापेक्षा पूर्ण मोजू द्यावं. दोनला मोजणी संपेल. तीनला लाइट जाईल. मधल्या तासात अर्ज. पुरेल.

फक्त एक गोष्ट होती. मोटर. खांबापासून घरापर्यंत तार जुनी. पाणी चढवायची मोटर लावली की दिवा पिवळा पडे आणि मशीन मान टाके. म्हणून मंगेश आधी टाकी भरून घ्यायचा, मग मशीन. आज टाकीत तळाला जेमतेम दोन हंडे होते, आणि मोजणी सुरू झाली होती.

चंदनानं चुंबळ डोक्यावर ठेवली.

विहीर उताराखाली होती. पहिली खेप, दुसरी खेप. प्रत्येक खेपेला हंडा उतरवून ती पडवीत डोकवायची.

“किती झाले गं?”

“दोन आणि सात!” हर्षदाला नवापर्यंतचे आकडे येत होते. पुढचं सगळं ती सुटं सुटं वाचायची.

“सत्तावीस म्हण.”

“सत्तावीस,” हर्षदा म्हणाली. मग मशीनकडे वळून, “सत्तावीस झाले हां तुझे.”

तिसऱ्या खेपेला दारात धोंडीबाबा बसलेले. दाखल्यासाठी पोशेऱ्याहून चालत आले होते. चंदनाच्याच माहेरचे, म्हणून नात्यानं काका.

“पोरी, माझा कागूद निघाला का?”

“आज मशीन बंद आहे, काका. हे उद्या देतील.”

“बंद कसा? उजेड तर दिसतो.”

“मोजतंय ते.”

“काय मोजतो?”

“स्वतःचंच.”

धोंडीबाबांनी पडद्याकडे बघितलं. “आमचा सरकार पण असाच. मोजतो, मोजतो, देत काय नाय.” मग तिच्या ओल्या पदराकडे बघून म्हणाले, “आणि तू कशाला डोक्यावर पानी आनतेस? मोटर बिघडली काय?”

“नाही. असंच.”

“असाच कोन आनतो?” म्हातारा उठला. “उद्या येतो. बापाला सांगतो, पोर वाळली म्हनून.”

“नका सांगू हो काका!” ती हसत ओरडली, पण ते उतरणीला लागले होते.

पाचवी खेप. सहावी. खरं म्हणजे म्हशीपुरतं, भांड्यांपुरतं पाणी झालं होतं. पण आपण बसलो आणि टाकी कोरडी दिसली तर कुणीतरी मोटर लावेल, या धास्तीनं तिचे पाय थांबेनात. आणि उतार चढताना डोक्यात अर्ज भरला जात होता. नाव. शिक्षण. अनुभव: तीन वर्षं. त्या रकान्यापाशी ती दर खेपेला थोडी हळू चालायची. क्लासातली ती बाकं, खडूचा वास, पहिल्यांदा माऊस धरताना घामेजलेले पोरींचे हात. “मॅडम, हा बाण पळून जातो.” “पळू दे, तू सावकाश धर.” हा आवाज आपलाच होता, हे तिला खरं वाटत नव्हतं.

“किती?”

“सात आणि नऊ!”

“एकोणऐंशी.”

“एको... नको, हा कठीण आहे. पुढचा सांग.”

दीड वाजता हर्षदाला भात भरवून ती पडवीत उभी राहिली. ब्याऐंशी. मान अवघडली होती. दोन वाजले तेव्हा ब्याण्णव. जमालभाईंच्या अंदाजापेक्षा जरा जास्त लागत होतं, पण अजून वेळ होता. एकच खेप, मग हात धुऊन खुर्चीवर बसायचं, असं ठरवून ती उतरली.

विहिरीवर हंडा भरून उचलताना तिला वरून आवाज ऐकू आला. आधी ओळखू आला नाही. मग पायाखालच्या काळ्या पाइपाला हात लावला. पाइप थरथरत होता.

हंडा तिथंच टाकून ती चढ चढली. साडी पायात आली, गुडघा खडकावर आपटला, पण थांबली नाही.

सासूबाई टाकीपाशी उभ्या होत्या, बाजाराची पिशवी अजून काखेतच. तोंडभर हसल्या.

“अगो, बाजारात धोंडी भेटला. बोलला, तुमची सून डोक्यावर पानी वाहते. तशीच धावत आले. मोटर घरात असताना तू कशाला मरतेस गो? बस जरा. मी चहा टाकते तुला.”

त्यांच्या कपाळावर घाम होता. साठीची बाई, गुडघे दुखणारी, बाजार अर्धा टाकून सुनेसाठी पळत आली होती. चंदनाला वाटलं, कुणावर तरी रागवता आलं असतं तर बरं झालं असतं.

“काय झाला? पडलीस काय? रगत आलाय.”

“काही नाही, आई. खरचटलं.”

तिनं मोटर बंद केली. पडवीतला पिवळा दिवा पुन्हा पांढरा झाला.

हर्षदा खुर्चीवर तशीच गुडघे टेकून होती, मान वळवून आईची वाट पाहत.

“आई, मी काय नाही केलं. तो आपोआप मेला. मग आपोआप उठला.”

“किती झाले होते?”

“नऊ आणि चार.”

“चौऱ्याण्णव,” चंदना म्हणाली.

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं. मोजणी टाळायचं बटण आता दाबलं तरी पाऊण तास. तोवर लाइट जाणार. तिनं हे एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा तेच आलं. आतून चहाच्या आधणाचा आणि कुटलेल्या आल्याचा वास यायला लागला. सासूबाई आल्याचा चहा फक्त सणाला करायच्या.

ती खुर्चीवर बसली आणि लेकीला मांडीवर घेतलं. हर्षदानं तिच्या गुडघ्यावरची माती हातानं झाडली, मग पडद्याकडे बोट केलं.

“एक,” ती म्हणाली. “आई, चौऱ्याण्णव झाले होते ना त्याचे? मग तो थांबला तिथून पुढं का नाही मोजत?”