दोन ठोके

"ही तिसरी बशी परत आली," मालकीणबाई म्हणाल्या आणि लसणाच्या सॉसमधले बटाटे त्यांनी वन्संच्या पुढ्यात आदळले. "मीठ आहे की समुद्र?"

माझे हात साबणात होते, ते तिथेच थांबले.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. या रेस्टॉरंटमध्ये सकाळी कॉफी-पाव आणि दुपारपासून तापास, म्हणजे पेयासोबत चार-चार घासांच्या बशा. त्या बशांचं काउंटर चौदा वर्षं वन्संकडे. हिच्या जिभेवर आमचं सगळं चालतं, असं मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि ती जीभ आठ महिन्यांपूर्वीच्या तापात गेली. ना वास, ना चव. हे ठाऊक फक्त मला.

आमची युक्ती साधी. वन्सं सगळ्यांदेखत चाखायच्या, मान डोलवायच्या, सगळं नाटक. मग सॉसचा दुसरा चमचा धुवायला म्हणून माझ्याकडे सरकवायच्या. मी पाठमोरी होऊन चाखायची. मीठ हवं असेल तर बेसिनवर एक ठोका, जमलं असेल तर दोन. आठ महिने कुणाला पत्ता लागला नाही. मला तर जरा माजच चढला होता.

आणि काल ते मेलं बशा धुण्याचं मशीन आलं, आज सुरू झालं. पाणी भरलं की आतून वाजतं, खट्, एकदाच. आज मी दोन ठोके दिले, ते त्याच्या घरघरीत बुडाले. मग मशीन वाजलं. वन्संनी मीठ टाकलं. पुन्हा वाजलं, पुन्हा मीठ. मी ओरडणार तरी काय? शेजारीच बटाटे सोलून उकडणारा नवा पोरगा, आमचा बटाटेवाला, उभा होता.

"बटाटे कुणी उकडले?" मालकीणबाईंनी विचारलं.

बटाटेवाला पुढे आला. नोकरीला दोन महिने झालेले, घरी बायको बाळंतीण. उकडताना रोजच्याएवढंच मीठ टाकलं, असं तो पुटपुटला, पण त्याचाच स्वतःवर भरवसा दिसत नव्हता. मालकीणबाईंनी त्याला ॲप्रन काढून ठेवायला सांगितलं.

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. वन्संना ना नवरा ना मूल, ते काउंटर हाच त्यांचा संसार. आता गप्प बसा हो, असं मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते.

वन्संनी परत आलेल्या बशीतला बटाटा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मला काहीच लागत नाही," त्या म्हणाल्या. "खारट नाही, आंबट नाही. आठ महिने झाले. मीठ मी टाकलंय, बाई. त्याला ॲप्रन घालू द्या."

मग इतके दिवस निभावलं कसं, असं मालकीणबाईंनी विचारलं. अंदाजानं, वन्सं म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. तेव्हा मात्र मला राहवेना. साबणाच्या हातांनीच पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं.

मालकीणबाईंनी कुणालाच काढलं नाही, जागा तेवढ्या बदलल्या. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर मी आणि मशीनवर वन्सं. सुरी चालवणारे ते हात मशीनच्या जाळीत बशा लावताना चुकत होते. मी तिकडे बघायचं टाळलं.

दुपारच्या बशा सुटायच्या आधी सॉस झाला. मापं त्यांचीच, मी फक्त ढवळलं. चाखला, अगदी जमला होता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, मोठ्यानं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मी चमचा पातेल्याच्या काठावर वाजवला, दोनदा.

वन्संनी हात लांब करून मशीन बंद केलं.

"परत वाजव गं," त्या म्हणाल्या.