न सुटलेला हात

टायरच्या दुकानावरच्या जिममध्ये तिच्या बाबांना सगळे ‘नकल्या’ म्हणत. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री फिरवणारा माणूस. पण रिंगमध्ये उतरला की कुणाचाही पवित्रा अंगावर चढवायचा. लेकीची लढत उंच मुलीशी असली, की जाड तळाचे बूट घालून लांबून ठोसे टाकायचा. बुटकीशी असली, की वाकून आत घुसायचा, गुडघे कटाकटा वाजायचे. नाचरीशी असली तर नाचायचा, दांडगीशी असली तर भिंतीसारखा चालून यायचा. जिच्याशी लढायचं, तिला आधी बाबांच्या अंगात भेटायचं, असं अकरा वर्षं चाललेलं.

आई म्हणायची, “लग्न एकाशी लागलं माझं, अन् घरात रोज नवाच माणूस येतो.”

राज्याच्या युवा संघाची यंदाची निवड चाचणी तिची शेवटची. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. समोरची मुलगी डावखुरी होती. म्हणजे उजवा पाय पुढे, उजव्या हाताने टोचत राहायचं आणि हनुवटीशी दबा धरून बसलेला डावा एकदाच सोडायचा.

“पुलापलीकडच्या क्लबात एक डावखुरी आहे,” जिमचे मास्तर म्हणाले. “महिनाभर तिच्याशी खेळू दे हिला.”

“का? मी काय मेलोय?” बाबा म्हणाले. सगळे हसले. तीही हसली आणि म्हणाली, “मास्तर, माझ्या घरात दहा डावखुऱ्या आहेत.”

मग तीन महिने, रोज पहाटे, बाबा उजवा पाय पुढे टाकून उभे. उजवा हात असा चाले, जशी शिवणयंत्राची सुई. ती डोकं हलवी, उजवीकडे सरके, निसटे. पुन्हा सुई, पुन्हा निसटणं. डावा मात्र छातीशी चिकटलेला तो चिकटलेलाच.

“बाबा, डावा टाका की!”

“आधी उजव्यातून तर सूट. डाव्याचं मग बघू.”

ते मग कधी आलंच नाही. तिला वाटलं, माया आहे. चौदाव्या वर्षी बाबांच्या ठोशाने तिचं नाक फुटलं होतं, तेव्हा दोन दिवस ते जेवले नव्हते. तेच मनात धरून बसलेत, असं ती समजली. समजली, आणि तिला ते आवडलंही. बाबा हल्ली चहाचा कप उजव्याच हातात धरत. शर्टाची बटणं आई लावून देई. एकदा तिने विचारलं तर आई म्हणाली, “म्हातारपणी लाड करून घेतायत,” आणि चटकन ओट्याकडे वळली. ओट्यावर तर काहीच नव्हतं.

चाचणीच्या दिवशी बाबा नेहमीसारखेच घरी थांबले. “खरी माणसं भेटली, की नकल्याचं काम संपलं,” असं ते दर वेळी म्हणत.

घंटा झाली. समोरचा उजवा आला, अगदी बाबांचाच. ती डोकं हलवून उजवीकडे सरकली. तीन महिने ती जागा मोकळी होती, अंगणासारखी. तिथेच तो डावा येऊन आदळला.

ती सावरली. पुन्हा उजवा आला. मन ओरडत होतं तिकडे नको, पण पाय ऐकेनात. पायांना एकच वाट पाठ होती. पुन्हा डावा. दुसऱ्या फेरीत तिसऱ्यांदा तो डोळ्याखाली बसला आणि गुडघा जमिनीला टेकला, तेव्हा तिला कप दिसला. बटणं दिसली. रिकामा ओटा दिसला. बाबा डावा टाकत नव्हते असं नाही. तो त्यांच्याच्याने सुटतच नव्हता.

पंचाने आकडे मोजले. आठाला ती उठली, पण पंचाने तिच्या डोळ्यांत पाहून लढत थांबवली. लढत गेली, म्हणून तिच्या डोळ्यांतलं पाणी. असंच सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते. आई आतून बर्फाचं फडकं घेऊन आली आणि बाबांच्या उजव्या हातात ठेवून गेली. ती त्यांच्यापुढे जमिनीवर बसली.

“कशाने लागलं?” बाबांनी विचारलं.

“उजव्याने,” ती म्हणाली. “टोचून टोचून बेजार केलं हो. मीच ढिली पडले.”

बाबा तिच्या सुजलेल्या डोळ्याकडे बघत राहिले. सूज उजव्या बाजूला होती. ज्याने आयुष्यभर चेहऱ्यांवरचे ठोसे वाचले, त्याला हा ठोसा कुठल्या हाताचा ते विचारावं लागत नव्हतं.

“उजव्याने,” ते हळूच म्हणाले.

“हो.”

फडकं डोळ्याला लावायचं, तर दुसऱ्या हाताने तिचा चेहरा धरायला हवा होता. लहानपणापासून ते तसंच करत. मांडीवरचा डावा हात हलला. थोडा उचलला, थरथरला, अर्ध्या वाटेवर अडला. बोटं तिच्या चेहऱ्याकडे वळली होती, पण पोचेनात. बाबांनी मान फिरवली.

“हनुवटी खाली!” जिममधल्या पहिल्या दिवशी, सात वर्षांच्या तिला बाबांनी सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं.

तिने हनुवटी खाली आणली, त्या अडलेल्या तळव्यावर अलगद टेकवली, आणि हात थरथरायचा थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.