फोनवरचा वाघ

माठ रेडिओवर डरकाळी फोडायचा तेव्हा शहरातल्या प्राणिसंग्रहालयातला म्हातारा वाघ पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. तिथल्या रखवालदाराने हे चारचौघांत सांगितलेलं आहे. त्याने ते सांगावं म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो, पण म्हणून काही साक्ष खोटी ठरत नाही.

माठ म्हणजे माझा मित्र. पाण्याच्या रिकाम्या माठात तोंड घालून तो वाघ काढायचा, म्हणून हे नाव. नवे निवेदक बिचकायचे. एवढ्या वयाच्या माणसाला माठ कसं म्हणायचं? मग तोच त्यांना सांगायचा, "माठच म्हण रे. आडनावाने हाक मारलीस की मला वाटतं बदली झाली."

रेडिओच्या नाट्यविभागात आवाजांची एक खोली होती. भिंतींना जाड गाद्या, खिडकी नाही, आणि कोपऱ्यात आमचा पसारा: पत्रे, साखळ्या, वाळूची पेटी, कुठल्याच घराची नसलेली सुटी दारं. पावलं, दारं आणि पाऊस माझ्याकडे. माझ्या पावसामुळे एकदा अर्ध्या शहराने छत्र्या बाहेर काढल्या होत्या. उरलेल्या अर्ध्याकडे रेडिओ नव्हता. जनावरं माठाकडे. आणि पक्षी त्याच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे. ओठ जरासे मुडपून वहिनी अशी शीळ घालायच्या की बंद खोलीत पहाट व्हायची. शिकारीची, वनवासाची, दरोडेखोरांची किती नाटकं आम्ही त्या खोलीत वाजवली याची गणती नाही. आणि तिघांपैकी एकानेही कधी जंगलात पाऊल टाकलेलं नव्हतं.

"एकदा जाऊन खरं ऐकून येऊ," वहिनी दरवर्षी म्हणायच्या. "आपण त्यांची नक्कल करतो की ते आपली, ते तरी कळेल." दरवर्षी ठरायचं, आणि दरवर्षी कुठलं तरी नाटक आडवं यायचं. मग आम्ही निवृत्त झालो, आणि त्यानंतर जेमतेम एक हिवाळा काढून वहिनी गेल्या.

आता माठाचे कान चाललेत. कानाच्या डॉक्टरांनी त्याच्या लेकीला सांगितलं की उरलंय तेही फार दिवस टिकणार नाही, यंत्र लावून उपयोग नाही. गंमत अशी की वरचे सूर आधी गेले. पक्षी गेले, दाराची घंटा गेली, कुकरची शिट्टी गेली. लेकीचा आवाज अगदी आईसारखा पातळ, तोही गेला. फक्त खालचे सूर शिल्लक आहेत. माझा आवाज फुटक्या ढोलासारखा असल्यामुळे माझं बोलणं त्याला ऐकू येतं, आणि त्यामुळे लेकीचं म्हणणं बापाला सांगायचं काम माझ्याकडे आलंय. ती म्हणते, "बाबांना सांगा, गोळी घेतल्याशिवाय उठायचं नाही." मी सांगतो, "पोरगी म्हणतेय, या सदऱ्यात तू फार रुबाबदार दिसतोस, आता गोळी घे."

तर एका सकाळी माठ म्हणाला, "मला वाघ ऐकायचाय. खरा. आहे तेवढा कान शिल्लक असेपर्यंत."

लेक औषधांच्या दुकानात कामाला. तिने मोठ्या मुश्किलीने रजा काढली. दोनच रात्री, जास्त नाही. पुढची रजा मिळेपर्यंत बाबांचे कान राहतील की नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. म्हणजे एकच फेरी. ती चुकली की चुकली.

सहलींच्या ऑफिसात टेबलापलीकडची मुलगी फार गोड होती. तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि एकेक जागा दाखवायला सुरुवात केली. "हे बघा आजोबा, तळ्याकाठचे तंबू. इथून सूर्यास्त काय सुंदर दिसतो."

माठाने विचारलं, "आवाज कसा आहे?"

"आवाज? अजिबात नाही. एकदम शांत. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

मी ते माठाला ऐकवलं. तो म्हणाला, "टाचणी ऐकायला एवढ्या लांब कशाला? पुढचं दाखवा."

पुढची दाखवली, त्याच्या पुढचीही दाखवली. प्रत्येक फोटोत वाघ होता, आणि लेकीच्या मते तो एकच वाघ होता. शेवटी माठ उठून उभा राहिला. "बाई, तुम्ही माणसं चष्म्याच्या दुकानात जाऊन चपला बघताय. या जागांचे फोन नंबर आहेत ना? लावा. फोन खिडकीबाहेर धरायला सांगा. आम्ही ऐकून ठरवतो."

मुलीने लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "लावा हो. ऐकल्याशिवाय हे इथून हलणार नाहीत."

पहिला फोन लागला आत जंगलातल्या वनखात्याच्या विश्रामगृहाला. तिथल्या राखणदाराने उचलला. मुलीने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला, आणि मी बोललो.

"जरा फोन खिडकीबाहेर धरता का?"

"कोणासाठी?"

"वाघासाठी."

"तो फोनवर येत नाही, साहेब."

"येईल, येईल. तुम्ही धरा."

त्याने धरला. आधी नुसती चरचर. मग लांब कुठेतरी काहीतरी घशात अडकल्यासारखं वाजलं, पुन्हा वाजलं, आणि थांबलं. मी माठाला खूण केली. त्याने कान फोनला चिकटवला होता.

"ऐकलंत?" राखणदार म्हणाला. "नाल्यापलीकडे आहे. सकाळपासून आवाज देतोय."

माठ खुर्चीत मागे रेलला. "हा वाघ? याला पडसं झालंय."

"मला वाटतं मांजर पाळलंय त्यांनी," मी म्हणालो.

"आपल्याकडे आवाजाच्या चाचणीला आला असता तर दारातूनच परत पाठवला असता."

आम्ही दोघं हसलो. लेकही हसली. विश्रामगृह रद्द.

दुसरा फोन जंगलाच्या फाटकाजवळच्या एका मोठ्या रिसॉर्टला. तिथली मुलगी म्हणाली, "धरा हं सर, मी अंगणात जाते." आणि मग फोनमधून जे जंगल आलं, ते काय सांगू. पानं सळसळली. पाणी खळखळलं. हरणांची एक रांग वाळक्या पाचोळ्यातून पळत गेली. आणि मग डरकाळी. अशी भरदार, अशी गोल, की टेबलावरच्या काचेखालचे फोटो दचकले असावेत.

माठाचे डोळे मिटलेले होते. त्याने ते उघडले तेव्हा ओले होते. "हेच," तो म्हणाला. "याला म्हणतात वाघ. बाई, हेच लिहून घ्या."

लेकीने सुटकेचा श्वास सोडला. मुलीने बोटं संगणकावर ठेवली. आणि तेवढ्यात फोनमध्ये एका पक्ष्याने शीळ घातली, आणि शिळेच्या मागोमाग एक खुर्ची कुरकुरली.

जंगलात खुर्ची कुठून येणार? ती खुर्ची माझ्या ओळखीची होती. तिचा मागचा पाय ढिला होता, आणि लांब शीळ घालायला वहिनी पुढे झुकल्या की ती कुरकुरायची. मी तिच्या पायाला कागदाची घडी लावायचो, सफाईवाला ती रोज काढून टाकायचा. वाळक्या पाचोळ्यातली हरणंही मीच होतो, दोन मुठींवर पळणारा. त्या काळी आमच्या आवाजांची एक तबकडी शाळांसाठी निघाली होती. कोणी कोणी ती उतरवून घेतली असेल देव जाणे. आता ती एका रिसॉर्टच्या अंगणात झाडांना टांगलेल्या कर्ण्यांतून वाजत होती.

आणि माठाने स्वतःचाच वाघ पास केला होता.

गप्प बसावं असं मनात आलं. जन्मभर थापा मारून पोट भरलेला माणूस मी, अजून एका थापेने काय बिघडणार होतं? तो तिथे गेला असता, अंगणात बसून ऐकून सुखाने परत आला असता. पण एकच फेरी होती. आणि त्याने मागितला होता तो खरा.

"माठ," मी म्हणालो, "तो तू आहेस."

"कोण?"

"वाघ. ती आपली तबकडी आहे. खुर्ची कुरकुरतेय."

त्याला आधी पटलं नाही, मग पटलं, आणि पटल्यावर तो बराच वेळ काचेखालच्या फोटोंकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खुर्ची कुरकुरतेय म्हणजे ती आहे त्यात."

"आहे."

"आत्ता वाजतेय?"

फोन चालूच होता. तबकडी संपून पुन्हा पहिल्यापासून लागली होती. लेकीने विचारलं, "काका, कोण आहे त्यात?"

"तुझी आई. ऐक, येईल आता."

लेक पुढे झुकली आणि तिने गाल जवळजवळ फोनवर टेकवला. माठानेही कान लावला, पण वरचे सूर त्याच्या कानात शिरतच नव्हते. तो माझ्याकडे बघायला लागला. आवाजांच्या खोलीत लाल दिवा लागला की बोलायची बंदी असायची. कोणाची पाळी आली हे आम्ही बोटांनी सांगायचो, आणि पक्ष्यासाठी करंगळी असायची. मी करंगळी वर केली. शीळ संपली तशी खाली घेतली. पुन्हा आली, पुन्हा वर. लांबच्या शिळेला हात तसाच ठेवला, हळूहळू खाली आणला. माठ माझ्या बोटाकडे असा बघत होता की सहलींची ती मुलगी उठून पाणी आणायला आत गेली.

शेवटी रिसॉर्टवालीने विचारलं, "सर, अजून धरू का?" आणि लेकीने नको म्हणून आभार मानले. मग रुमालाने फोन पुसला. फोन मुलीचा होता, पण पुसला.

"बाबांना सांगा," ती मला म्हणाली, "तिथेच जाऊ. आई आहे तिथे."

हे मी जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द पदरचा घातला नाही.

माठाने मान हलवली. "ती तुम्हा दोघांसाठी आहे. मला तिथे काय ऐकू येणार? माझाच माठ. तो मी घरी बसून ऐकेन, फडताळात पडलाय." मग त्याने विचारलं, "तो पडसं झालेला कुठल्या जागेचा होता?"

"वनखात्याचा. पण तो वाघ बेकार होता रे, तूच म्हणालास."

"मी गाढव आहे, आणि तूही. फोन तळ कापतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टेलिफोनच्या तारेतून खालचे सूर जातच नाहीत. रुजू झाल्या झाल्या आम्हाला हे शिकवलं होतं. स्वस्तातल्या रेडिओचंही तेच, म्हणून तर माठाने वाघाचा आवाज पोटातून काढून नाकाशी आणून ठेवला होता, लहान डबीतून तो बाहेर पडावा म्हणून. फोनवर आमचाच वाघ शोभणार. खऱ्याचं नुसतं शेपूट आलं होतं; धड तिकडेच राहिलं होतं.

"खालचंच तर मला येतं ऐकू," माठ म्हणाला.

"पण तो दोन दिवसांत बोलेल कशावरून, बाबा?" लेक म्हणाली. "तिकडे आई नक्की आहे."

मी सांगितलं. माठाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तिला हेच ऐकायचं होतं गं. स्वतःला तर ती रोज ऐकायची."

वनखात्याच्या विश्रामगृहावर पहिल्या संध्याकाळी वाघ बोलला नाही. मी माठाला सांगितलं की आज त्याचा उपास असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या जीपमधून आम्ही खूप हिंडलो. लेकीने मोर पाहिले, मी अस्वल पाहिलं, जे बाकी कोणालाच दिसलं नाही. माठ गाडीच्या लोखंडी कठड्याला धरून बसला होता. दुपारी तो फारसा जेवला नाही.

संध्याकाळी जीपवाल्याने नाल्याच्या काठाशी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. पक्षी कलकलाट करत होते, आणि माठ कपाळाला आठ्या घालून समोर बघत होता. त्याच्यासाठी तिथे काहीच चाललेलं नव्हतं. लेक माझ्याकडे बघत होती. परत जाताना याला काय सांगायचं, हे मी मनात जुळवायला लागलो होतो.

तेव्हा तो बोलला. आवाज म्हणावा असं आधी काही नव्हतंच. बाकड्याची फळी मांड्यांखाली गुरगुरली, मग कठडा थरथरला, आणि मग ते सगळं छातीत येऊन उभं राहिलं. पक्षी एकदम गप्प झाले. लेकीने माझं मनगट धरलं. नाल्यापलीकडून तो पुन्हा बोलला, आणि पुन्हा.

माठाने तोंड किंचित उघडलं होतं, माठात घालायच्या आधी उघडायचा तसं. पण आवाज काढला नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आपण फार लहान भांडं घेतलं रे. गच्चीवरची टाकी घ्यायला पाहिजे होती."

"टाकी खोलीत मावली नसती."

"मावली नसती," त्याने मान्य केलं. "तिला आधीच कळलं असणार. आपल्याला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही."

जीपवाल्याने घड्याळ पाहिलं. "निघायचं का? फाटक बंद होईल. आता काही तो बोलायचा नाही."

मी माठाच्या कानाशी वाकून विचारलं. त्याने कठड्यावरचा हात उचलला नाही.

"त्याला म्हणावं, जरा थांब," माठ म्हणाला. "अजून वाजतंय."

काहीच वाजत नव्हतं. पक्षीसुद्धा परत सुरू झाले नव्हते. मी जीपवाल्याला म्हणालो, "ते म्हणतात, अजून वाजतंय," आणि आयुष्यात प्रथमच दुसऱ्याची थाप मला खरी वाटली. जीपवाल्याने किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.