बाबागाडी आणि पूल

महामार्गाच्या रुंदीकरणावर लोकांचं म्हणणं ऐकायची सभा वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. लेकीला कडेवर घेऊन, बाबागाडी ओढत मी वर पोचले तेव्हा पार मेटाकुटीला आले होते. नवरा सकाळीच म्हणाला होता, "जा, निदान चहा तरी मिळेल." चहाही नव्हता.

माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "पाळणाघर रस्त्यापलीकडे आहे. आत्ता आम्ही सिग्नलला रस्ता ओलांडतो. तुमच्या नकाशात सिग्नलच नाही."

"पादचारी पूल दिलाय ना, ताई," इंजिनिअरसाहेब म्हणाले.

"आणि बाबागाडी?"

"उचलायची. त्यात काय एवढं?"

मागे कुणीतरी जांभई दिली. पुढचं नाव पुकारलं गेलं.

सभा संपेपर्यंत लेक गाडीतच झोपून गेली. मी जिन्यापाशी घुटमळत होते, तर साहेबांनीच गाडीची पुढची बाजू धरली. माणूस भला होता. मधल्या वळणावर मात्र त्यांनी गाडी टेकवली आणि कठड्याला धरून धापा टाकत उभे राहिले.

"पुलावर हे रोजच करायचंय, साहेब," मी हळूच म्हटलं. "तेही एकटीनं."

त्यांनी कपाळ पुसलं. "सिग्नल माझ्या हातात नाही. पुलाला पायऱ्यांशेजारी गाडीसाठी उतार मागून बघतो. मिळेलच असं नाही."

"मागा तरी."

त्यांनी होकारार्थी मान डोलावली आणि पुन्हा गाडी उचलली. लेक जागी होऊ नये म्हणून आम्ही एकेका पायरीवर थांबत उतरलो.