खातं आहे तिथेच राहू द्या

प्रथमेशने वाढदिवसाला जी भेट दिली ती पाहून नीलाताईंना धक्काच बसला. चेहऱ्यावर मात्र त्यांनी काही दिसू दिलं नाही. सगळी नोकरी नागपूरच्या शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. पोराने फळ्यावर कितीही भलतंसलतं उत्तर लिहिलं तरी चेहरा हसरा ठेवायचा, ही सवय अंगात मुरली होती.

भेट काय, तर त्याने त्यांचं बँकेतलं खातं दुसऱ्या बँकेत हलवायची विनंती टाकली होती. ही दुसरी बँक म्हणजे फोनमधलं एक अ‍ॅप. तिला ना इमारत, ना दार, ना बसायला खुर्ची.

"आई, आता त्या कोपऱ्यावरच्या बँकेत जायची गरजच नाही तुला!" प्रथमेश म्हणाला. "शेजारच्या मुलांना शिकवतेस त्या ट्यूशनचे चेक येतात ना, त्यांचा नुसता फोटो काढायचा. तू उन्हातान्हात चालत जातेस आणि मला तिकडे ऑफिसमध्ये टेन्शन येतं, यार. सोमवारी स्विच होईल, जुनं अकाउंट आपोआप क्लोज. शुक्रवारपर्यंत कॅन्सल करता येतं म्हणे, पण आपल्याला कशाला लागतंय?"

"वा! किती करतोस रे माझ्यासाठी," नीलाताई म्हणाल्या आणि त्याने पुढे केलेल्या फोनच्या पडद्यावर बोटाने सही करून मोकळ्या झाल्या. पोराने हौसेने काही आणलं की ते नको म्हणायचं नसतं, मग ते मापाला घट्ट होणारं स्वेटर असो की पायाखालची जमीन काढून घेणारी बँक. आमच्याकडची माणसं या भिडेपायी आयुष्यभर नावडत्या भाज्यासुद्धा मागून घेतात.

आता त्या बँकेत असं होतं तरी काय? तसं काहीच नव्हतं. दोन खिडक्या, एक सोफा, फुकटची कॉफी, काउंटरवर गोळ्यांची बरणी. पण अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलमध्ये नीलाताई स्वतःच्या पायांनी जाऊ शकतील अशी तेवढी एकच जागा होती. घराच्या दारापासून बँकेच्या दारापर्यंत सलग फुटपाथ होता. बाकी सगळीकडे गाडी लागायची. देवळात जायचं तर गाडी, वाण्याकडे गाडी, ग्रंथालयाला गाडी, मैत्रिणीकडे भिशीला जायचं तरी गाडी. नीलाताईंना गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे प्रत्येक वेळी कोणाला तरी विचारायचं, मग त्याला सवड होईपर्यंत पर्स मांडीवर घेऊन, पायांत चपला घालून सोफ्यावर बसून राहायचं. बँकेला निघताना मात्र कोणाला विचारावं लागत नसे. मनात आलं की छत्री उचलायची आणि निघायचं. ते गेलं तर उरतं काय?

गुरुवारी सकाळी घर रिकामं झालं तसं त्यांनी ठरवलं, नव्या बँकेला गुपचूप फोन करून ही बदली रद्द करून टाकायची. प्रथमेशला पत्ता लागू द्यायचा नाही. त्याला वाटेल, यंत्राचाच काही घोळ झाला. यंत्रावर ढकललं की कोणी रागावत नाही.

फोनवर आधी बराच वेळ पियानो वाजला, मग एक गोड आवाजाचा माणूस आला. नीलाताईंनी वहीत लिहून काढावं तसं मनात जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. रद्द करणं अगदी सोपं आहे, तो म्हणाला. फक्त तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री म्हणून तुमच्या फोनवर एक कोड पाठवतो, तेवढा सांगा.

नीलाताई फोनकडे बघत बसल्या. कोड काही येईना.

"आला का, मॅडम?"

"येईलच आता," नीलाताई म्हणाल्या. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या देशात पाय ठेवल्यापासून प्रत्येक ठिकाणी त्यांनी प्रथमेशचाच नंबर दिला होता. डॉक्टरकडे, ग्रंथालयात, दुकानाच्या सवलतीच्या कार्डावर, जिथे तिथे. इथे आईवडील राहायला आले की पहिल्याच दिवशी ही रीत लागते. आपला नंबर कशाला, मुलाचा दिलेला बरा, तो बघून घेईल. त्यामुळे कोड आला होता, अगदी वेळेवर आला होता, पण तो प्रथमेशच्या खिशात.

त्यांनी घाईघाईने फोन ठेवला. तरी आशा सुटेना. एखादा माणूस नियमावर बोट ठेवणारा असतो, दुसरा समजूतदार निघतो, असा तालुक्याच्या कचेरीतला त्यांचा अनुभव होता. त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी एक बाई होती. तिनेही प्रेमाने चौकशी केली आणि प्रेमानेच कोड पाठवला. तिसऱ्या खेपेला तर त्यांनी मुलीच्या वयाच्या एका पोरीला आपला जन्म कुठला, शाळा कुठली, सगळं सांगून पाहिलं. ती खळखळून हसली आणि तिनेही कोड पाठवला.

थोड्या वेळात फोन खणखणला. प्रथमेश होता.

"आई, कोणाचा फोन आला होता का तुला? खरं सांग!"

"नाही रे, मला कोणाचाही फोन नाही आला," नीलाताई म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

"कोणीतरी तुझं अकाउंट हॅक करतंय. मला सारखे कोड येतायत. कोणाशी काही बोलू नकोस, मी निघतोय!"

मीटिंग अर्धवट टाकून तो घरी आला तोच नवं खातं गोठवून, कुलूप घालून. पाठोपाठ त्याची बायको आश्लेषाही आली, त्याने तिलाही फोन करून घाबरवलं होतं. मग सुरू झालं व्याख्यान. हे चोर फार सराईत असतात. गोड बोलतात. म्हाताऱ्या माणसांना हेरतात. परत परत प्रयत्न करतात, चिकाटी सोडत नाहीत. नीलाताई मान डोलवत ऐकत होत्या. चोराचं वर्णन बरंच जुळत होतं, म्हाताऱ्या माणसांना हेरण्याचं तेवढं सोडून.

"मी पोलिसांत कम्प्लेंट करतोय," प्रथमेश म्हणाला. "सोडणार नाही मी त्याला."

"पकडून काय करशील?"

"काय करशील म्हणजे? आत टाकेन!"

"मग संध्याकाळची भाजी-पोळी कोण करणार?"

प्रथमेशला काही कळलं नाही. आश्लेषाला कळलं. तिने तोंडावर हात धरला आणि आधी तिचे खांदे, मग ती सगळीच हसायला लागली.

"म्हणजे... आई, तू?"

"मीच," नीलाताई म्हणाल्या. "मला ते कॅन्सल करायचं होतं. तुला न कळता."

"अगं पण मला सांगायचंस ना सरळ! नको होतं तर नको म्हणायचं!"

"वाढदिवसाला आणलेली वस्तू नको कशी म्हणायची? तू इतक्या उत्साहाने दाखवत होतास."

प्रथमेश खुर्चीत बसला. राग कोणावर काढावा ते त्याला समजत नव्हतं. "पण तुला त्या बँकेत असं आहे काय? बाहेर जावंसं वाटतं तर मला सांग. मी सोडतो ना तुला, कुठेही."

"तेच तर," नीलाताई म्हणाल्या. "तू सोडतोस, आश्लेषा सोडते. कधी नाही म्हणत नाही, कधी कपाळाला आठी नाही. पण मी इथे एखाद्या पिशवीसारखी झालेय रे. कोणीतरी उचलायची, नेऊन ठेवायची, परत आणायची. त्या बँकेत मला कोणी सोडावं लागत नाही. तिथे मी जाते."

आश्लेषाचं हसू थांबलं होतं.

मग प्रथमेशनेच फोन लावला. आधी स्वतः घातलेलं कुलूप काढून घेण्यात त्याचा बराच वेळ गेला. तीन-तीनदा त्याला विचारलं गेलं की तू तूच कशावरून, आणि नीलाताईंना त्यात जरा समाधान वाटलं. शेवटी पलीकडचा माणूस म्हणाला, रद्द करायचं कारण खातेदाराच्या तोंडून ऐकायला हवं. प्रथमेशने फोन आईपुढे धरला आणि हळूच सांगितलं, "म्हण, चेंज्ड माय माइंड."

नीलाताईंनी फोन घेतला आणि आपल्या शाळेतल्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "कारण मला चालायला आवडतं. तुमच्या बँकेला दार नाही."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग तो म्हणाला की असं कारण त्याच्या यादीत नाही, पण त्याने ते 'इतर'मध्ये टाकलंय, आणि बदली रद्द झाली आहे. फक्त जुन्या बँकेला खातं बंद करण्याची सूचना आधीच गेली होती. तिथे जाऊन, खातं आहे तिथेच राहू द्या, असं सांगायचं तेवढं बाकी होतं.

"उद्या ऑफिसला जाताना मी सोड..." प्रथमेशने जीभ चावली. "उद्या मी येऊ का तुझ्याबरोबर?"

"ये की," नीलाताई म्हणाल्या. "पण गाडी नाही आणायची."

शुक्रवारी सकाळी दोघं निघाले. इतकी वर्षं या रस्त्यावरून गाडीने ये-जा करणाऱ्या प्रथमेशला वाटेत चढ आहे हे पहिल्यांदा कळलं. नीलाताई त्याला सावलीची बाजू दाखवत होत्या. कुंपणामागचं एक भलंमोठं कुत्रं भुंकत धावून आलं तसा तो दचकून रस्त्यावर उतरला. नीलाताईंनी कुत्र्याला नुसतं दटावलं आणि ते शेपूट हलवत परत गेलं. एका बाईने गाडीची काच खाली करून त्यांना हात केला. प्रथमेशने विचारलं, कोण गं ही? नीलाताई म्हणाल्या, अशीच ओळखीची आहे.

बँकेचं दार नीलाताईंनीच ढकललं. आत पाऊल पडतं न पडतं तोच काउंटरमागची बाई उठून उभी राहिली आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मिस नीला! आम्हाला वाटलं तुम्ही आम्हाला सोडून चाललात!"

प्रथमेशने मागे वळून पाहिलं, कोणाला हाक मारतेय ते. या देशात त्याची आई म्हणजे प्रथमेशची आई होती, आश्लेषाची सासू होती, शेजारपाजारच्या मुलांची गणितवाली आजी होती. मिस नीला म्हणून कोणी असेल हे त्याला माहीतच नव्हतं. मागे तर कोणी नव्हतं. तो परत वळला तेव्हा आई हसत हसत त्या बाईचे दोन्ही हात हातात घेऊन उभी होती.

"आणि हे कोण तुमच्याबरोबर?" बाईने विचारलं.

नीलाताई उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात प्रथमेशच पुढे झाला.

"मी मिस नीलांचा मुलगा," तो म्हणाला. "त्यांनी आणलंय मला."