खांद्यावरचे तीन मिलिमीटर

मिस्त्री आणि त्याचा साडू यांच्यातून विस्तव जात नव्हता, आणि नेमके तेच दोघे त्या सकाळी एकाच गाडीच्या दोन बाजूंना उभे होते. डावी बाजू मिस्त्रीची, उजवी साडूची. मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ.

गाडी अजून मातीचीच होती. ही माती तपकिरी, भट्टीत गरम करून थापायची आणि गार झाली की पात्याने खरवडायची. या कारखान्यात नव्या गाडीचं रूप असंच ठरायचं. अर्ध्या अंगावर एकाची कल्पना, उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्याची. धाकट्या मालकीणबाई येऊन एकीवर बोट ठेवत, आणि दुसरी त्याच दिवशी खरवडली जाई.

गाडी जातीची इटालियन. उंचीला जेमतेम कमरेएवढी, म्हणून कामगार तिला ठेंगणी म्हणत. पहिली ठेंगणी दिसायला अप्सरा, पण वेग वाढला की नाक वर करायची. दुसरीला मागे भलामोठा पंख बसवून जमिनीवर दाबलं. तिसरीच्या चारही चाकांना ताकद मिळाली, चौथीचं अंग कार्बनचं झालं, वजन निम्म्यावर आलं. आता ही पाचवी. इंजिनाच्या जोडीला विजेच्या मोटारी, ताकद पहिलीच्या तिप्पट आणि तापायची खोड सगळ्यांहून वाईट. एवढं सगळं बदललं, पण दारामागून मागच्या चाकावर चढत जाणारी एक रेषा तेवढी तशीच राहिली होती. तो ठेंगणीचा खांदा. मिस्त्रीला नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हा त्याने तो पहिल्या गाडीवर ओढला होता. महिन्याभराने तो निवृत्त होणार होता. आपल्यामागे खांदा राहावा, यापलीकडे त्याला कारखान्याकडून काही नको होतं.

साडू मुळावर उठला होता तो याच खांद्याच्या. तो वाऱ्याच्या बोगद्यातला इंजिनिअर. प्रचंड पंख्याचा वारा गाडीवर सोडायचा आणि आकडे वाचत बसायचं, हे त्याचं काम. उजव्या अर्ध्यात त्याने खांदा सरळ कापून ताटाएवढं भोक पाडलं होतं, इंजिनाला श्वास मिळावा म्हणून.

"खांदा फुगला की हवा बाहेरच्या बाहेर निसटते," तो मालकीणबाईंना म्हणाला. "दिसायला छान, पण इंजिनाच्या गळ्याला फास."

"माझी बाजू बोगद्यात पास झालीय," मिस्त्री म्हणाला. "तुमच्याच बोगद्यात, साडूबुवा. तुमच्याच सहीने."

ते खरंच होतं. मिस्त्रीने खांद्याखाली एक लपलेली फट ठेवली होती, आणि मोजमापं घेऊन बनवलेला नमुना बोगद्यात काठावर का होईना, पास झाला होता. साडूच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सख्ख्या बहिणी दोघांच्या बायका, दर रविवारी एका टेबलावर जेवण, आणि या रविवारी त्याने मिस्त्रीकडे मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

मालकीणबाई डाव्या बाजूने दोनदा फिरल्या. त्यांचा हात वर झाला.

"एक मिनिट," साडू म्हणाला. "पट्टी लावून बघू."

पट्टी म्हणजे पास झालेल्या मापांवरून कापलेला पत्रा. मातीवर ठेवला की तंतोतंत बसायला हवा. साडूने पत्रा खांद्यावर ठेवला. पत्रा मधेच टेकला. दोन्ही टोकांना फट राहिली.

"तीन मिलिमीटर," साडू म्हणाला. "माती वाढलीय."

"मिस्त्री?" मालकीणबाईंनी विचारलं.

खोटं बोलायला जीभ वळेना. परवा दुपारी छताच्या काचेतून ऊन आलं आणि खांदा त्याला बसका दिसला. मापं घेऊन झाली होती. मापांनंतर मातीला हात लावायचा नाही, हा कारखान्यातला पहिला नियम; तोच नवशिक्यांना ओरडून शिकवायचा. पण हात शिवशिवले. गरम मातीचा एक गोळा, अंगठ्याचे चार फटकारे, आणि खांदा पुन्हा भरला.

"डोळ्याला सलत होता, बाई," तो म्हणाला.

साडूने पत्रा मातीवरून उचलला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "चौथ्या गाडीलाही?"

मिस्त्रीने मान खाली घातली.

चौथी ठेंगणी नऊ वर्षांपूर्वी चाचणीत उकळली होती. तीन इंजिनं जळाली. त्या वेळी पट्टी लावत नसत, साचा थेट मातीवरून काढत, म्हणून पास झालेली मापं आणि माती यांतला फरक कुणाच्या लक्षात आला नाही. हिशेब चुकला म्हणून सगळं खापर साडूवर फुटलं. त्याला बोगद्यातून काढून दोन वर्षं सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. दोन वर्षं तो रविवारी त्याच टेबलावर बसून स्वतःचे जुने कागद तपासत राहिला, चूक शोधत. मिस्त्री समोर मूग गिळून जेवला.

"उजवी बाजू," मालकीणबाई म्हणाल्या. आणि दारातून वळून म्हणाल्या, "डावीवर तिची नक्कल तुम्हीच उतरवा, मिस्त्री. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

खोलीत दोघेच उरले. मिस्त्री गुडघे टेकून बसला आणि आपलाच खांदा कापू लागला. मातीच्या सुरळ्या त्याच्या बुटांवर पडत होत्या. त्याला वाटलं, मुद्दाम वाकडं कापावं, भोक बेढब करून ठेवावं. हात ऐकेना. कडा सुबक झाली, आतला उतार गुळगुळीत झाला. तीन तासांत साडूने एकदाही पुरे म्हटलं नाही, की पाणी विचारलं नाही.

काम संपल्यावर साडूने आपल्या उजव्या बाजूच्या मापांचा पत्रा आणून लावला. वर, खाली, आतल्या कडेला. कागदाचा कपटासुद्धा शिरला नसता.

"जमतं की तुम्हाला मापात राहायला," साडू म्हणाला. "म्हणजे तेव्हाही जमलं असतं."

आणि पत्रा काखेत मारून तो निघून गेला.