तांबीचे दहा दिवस

मित्रांनो, मी हट्टा गावातली एक म्हातारी कुत्री आहे. माझे नाव तांबी. आता मला एका कानाने ऐकू येत नाही आणि तोंडात तीनच दात उरले आहेत.

दुष्काळाच्या साली माझी आई मेली. खडी फोडण्याच्या कामावर मी कुंई कुंई करत फिरत होते. तिथून मंजुळाबाईंनी मला पदरात घालून घरी आणले. घरात त्या आणि त्यांचे मालक संतराम, दोघेच. बाई आधी मला भाकर टाकत, मग स्वतः जेवत. मी त्यांच्या कोंबड्या राखल्या, खळ्यावरची ज्वारी राखली. गल्लीत माझे नाव झाले.

मग बाईंना ताप आला. पाचव्या दिवशी चौघांनी त्यांना खांद्यावरून नेले. मला वाटले, गावाला गेल्या. त्यांच्या गोधडीवर बसून मी वाट पाहू लागले. तेरावा झाल्यावर सोजराबाई, म्हणजे संतरामांच्या थोरल्या वहिनी, म्हणाल्या की मेल्या माणसाचे अंथरूण घरात ठेवू नये. संतराम गोधडी ओढू लागले. मी गुरगुरले. त्यांनी पुन्हा ओढली आणि मी त्यांच्या मनगटाला चावले.

असे का केले, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आठवडाभर आधी उसाच्या फडात एका कोल्ह्याशी माझी झटापट झाली होती. तो पिसाळलेला होता का, कुणालाच ठाऊक नव्हते. लोक काठ्या घेऊन आले. संतरामांनी मला गोठ्यात कोंडले, कडी घातली आणि वसमतचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जखम साबणाने धुतली आणि बजावले, कुत्रीला मारू नका, बांधून ठेवा. दहा दिवस ती धड राहिली तर तुम्हाला भीती नाही. बिघडली तर त्याच दिवशी या, पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील. तेव्हा तशीच रीत होती.

मित्रांनो, मला काहीच कळेना. चावले मी, आणि मिळू लागली ताक-भाकर. मला गोठ्यात साखळीने बांधून संतराम बाजेवर बसून नुसते माझ्याकडे बघायचे. मी पाणी प्यायले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मी शिंकले की ते उठून उभे राहायचे. सोजराबाईंच्या सांगण्यावरून ते सात विहिरींत डोकावून आले; त्याने कुत्र्याचे विष उतरते म्हणे. आल्यावर त्यांनी तांब्यातल्या पाण्यात पाहिले, पिसाळलेल्याला पाणी गिळवत नाही म्हणून भीत भीत एक घोट घेतला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले.

सहाव्या दिवशी मी भाकरीला तोंड लावले नाही. पाण्यालाही नाही. वाट पाहून थकले होते, एवढेच. पण ते सांगू कसे?

सोजराबाई लांबूनच म्हणाल्या, "भाऊजी, आता काय बघून राहिलात? पिसाळली ती. काठी घाला अन् मोकळे व्हा."

"डाक्टर न्हाई म्हणले."

"डाक्टर वसमतला हाय. कुत्रं तुमच्या दारात हाय. पाण्याला शिवंना, भाकरीला शिवंना. आजून काय पायजे?"

संतराम म्हणाले, "वहिनी, मी तरी कुठं जेवलो? तुमी ताट झाकून आणता अन् तसंच माघारी नेता. मंग मी बी पिसाळलो व्हय?"

सोजराबाई घरी गेल्या आणि त्या दिवशी उचलून नेलेली ती गोधडी घेऊन आल्या. मंजुळाबाईंच्याच लुगड्यांची ती. टाकून द्यायला त्यांचाही हात धजला नव्हता. त्यांनी ती लांबूनच माझ्याकडे सरकवली. मी वास घेतला. साखळी पुरणार नाही एवढ्या अंतरावर संतराम बसले. त्यांनी भाकर मोडली, अर्धी माझ्यापुढे टाकली, अर्धी स्वतः खाऊ लागले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मग मीही खाल्ले. पाणीही प्यायले.

दहावा दिवस सरला तेव्हा त्यांनी साखळी सोडली. मी पळाले नाही. चावलेलाच हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"तांबे," ते म्हणाले, "ती न्हाई येणार आता."

ते मला सांगत होते की स्वतःला, मला कळले नाही.

मित्रांनो, कुत्रे चावले तर जखम साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. सुयांचे काय ते डॉक्टरांना ठरवू द्या. चावलेल्या कुत्र्याला मारू नका. ते दहा दिवस धड राहते की नाही, यातच तुमचे उत्तर असते. आणि कुणी असे उत्तराची वाट पाहत बसले असेल, तर लांबून काही बोलू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि दोन घास खा.